घरचं बी

आमच्या बाल्कनीत कोथिंबीर आहे, पण ती खायची नाही. हा नियम मी केला आहे, आणि तो मोडू नये म्हणून सकाळी पोहे परतायच्या वेळेला मी बाल्कनीच्या दारात पेपर घेऊन बसतो. एरवी या घरात माझा एकही नियम चालत नाही. टीव्हीचा रिमोट, पंख्याचा वेग, गावाला जायची तारीख, सगळं परस्पर ठरतं. तेव्हा निदान चार कुंड्यांपुरतं माझं राज्य असावं, एवढीच माफक अपेक्षा.

"अहो, चार काड्या द्या."

"बियांसाठी ठेवलीय."

"मग पोह्यांवर काय भुरभुरवू? तुमचा अग्रलेख?"

मग मी पायात चपला सरकवून खाली जातो. अर्धा किलो भेंडी घेतली की जो भाजीवाला कोथिंबीर-मिरची न मागता पिशवीत कोंबतो, तोच नुसती कोथिंबीर मागितली की दहा रुपये घेतो आणि सुटे परत देताना विचारतो, "साहेब, घरी लावलीय म्हणत होते ना?"

यात थोडा दोष कोथिंबिरीचाही आहे. ती मुळात थंडीची. डिसेंबरात पेरली की गुण्यागोविंदानं वाढते, खुडू देते. मग फेब्रुवारीचं ऊन चटकायला लागतं आणि तिचं लक्ष उडतं. मधूनच एक दांडा सरसर वर चढतो, रुंद पानं जाऊन शेपूचा संशय यावा अशी झिरमिळी पानं फुटतात, आणि शेंड्यावर पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या छत्र्या उघडतात. या टप्प्यावर शहाणा माणूस कुंडी रिकामी करून दुसरं काही लावतो. मी "बी धरायला सोडलीय" असं जाहीर करतो. हे वाक्य उच्चारताना माणसाच्या आवाजात आपोआप दोन-चार एकर जमीन येते.

"पण बी म्हणजे धणेच ना?" बायकोनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "डबाभर आहेत घरात."

आहेत. राजस्थानात कोटा जिल्ह्यातल्या रामगंज मंडीत हंगामात धण्यांचे ढीगच्या ढीग लागतात, तिथून निघालेले धणे फिरत फिरत आमच्या वाण्याकडे येतात आणि तो ते कागदाच्या पुडीत बांधून देतो. त्यातले मूठभर पेरले तर बहुधा उगवतातही. हे सगळं मला ठाऊक आहे. पण ते घरचं बी नव्हे. घरचं बी या शब्दांपुढे मला हिशेब सुचत नाही, आणि मी नोकरीला लेखा विभागात आहे.

"कायद्यानं हक्क आहे," मी तिला सांगितलं. "२००१ साली संसदेनं कायदा केलाय. शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखता येतं, पेरता येतं, दुसऱ्याला देता येतं. ब्रँडचं नाव लावलं नाही तर विकतासुद्धा येतं."

"शेतकऱ्याला ना?" असं म्हणून ती कणीक भिजवायला गेली.

धणे पिकले की झाडावरून आपोआप गळतात, म्हणून छत्र्या तांबूस व्हायला लागल्या की त्यांना पातळ कापडाची पिशवी बांधायची असते. पातळ कापड आमच्याकडे श्रीखंडाच्या चक्क्यासाठी राखीव आहे. त्याला हात लावण्याची माझी छाती नव्हती. मोजे मात्र होते. प्रत्येक घरात जोडीदार हरवलेल्या मोज्यांचा एक ढीग असतो आणि तो कशासाठी जपलेला असतो हे कुणालाच माहीत नसतं. मला ते त्या दिवशी कळलं. काळे, करडे, एक निळा क्रीडाप्रकारातला, असे मोजे घालून माझी कोथिंबीर बाल्कनीत डोलू लागली. चौथ्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं: इमारतीच्या दर्शनी भागात कपडे वाळत घालण्यास मनाई आहे.

मी सचिवांना गाठून सांगितलं, "ते कपडे नाहीत, बी धरलंय."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "बी धरा," ते म्हणाले, "पण आतल्या बाजूला धरा."

मग कुंड्या बेडरूमच्या खिडकीशी आल्या, आणि त्यातून पुढचं प्रकरण घडलं. धणे हिरवे असतात तेव्हा त्यांना एक उग्र वास येतो. पिकता पिकता तो जाऊन मसाल्याच्या डब्यातला ओळखीचा वास येतो, पण त्याआधीचा वास थेट ढेकणाचा असतो. हे मी सांगत नाही, जाणकारांनी लिहून ठेवलेलं आहे. आमच्या मातोश्रींनी मात्र ते वाचलेलं नव्हतं. त्यांनी रात्री दोनदा नाक वर केलं आणि सकाळी सगळ्या गाद्या गच्चीवर नेल्या. पलंगाच्या फटींत उकळतं पाणी ओतलं. सूनबाईच्या माहेरून आलेल्या नव्या कापसाच्या गादीकडे त्या ज्या नजरेनं बघत होत्या, ती मी घरात शांतता राहावी म्हणून इथे वर्णन करत नाही.

"आई, अगं धण्यांचा वास आहे तो."

"अरे, सत्तर वर्षं धणे भाजतेय मी. मला शिकवतोस?"

यथावकाश धणे पिकले, वाळले, मोज्यांतून बाहेर आले. आता पाखडायचं होतं. पाखडणं आईच्या मनगटात आहे. सुपाला ती एक झटका देते आणि फोलपट कुठे जायचं तिथे जातं, दाणा जागच्या जागी. परंतु ती माझ्यावर गाद्यांवरून रागावलेली होती आणि सूप गावाला होतं. तेव्हा मी बाल्कनीत टेबलफॅन लावला, समोर परात धरली आणि धणे वरून हळूहळू सोडले. शास्त्र बरोबर होतं. जड ते खाली पडतं, हलकं ते उडून जातं. उडून कुठे जातं याचा विचार शास्त्रानं माझ्यावर सोपवला होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ग्रिलमध्ये उपवासाचा बटाट्याचा कीस वाळत घातला होता.

काकू वर आल्या. हातात ताट, ताटात कीस, किसावर माझं पीक.

"हे काय आहे?"

"धण्याचं फोलपट आहे काकू. अगदी शुद्ध. रासायनिक काही नाही."

"उपवासाला चालतं का?"

हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. जिरं चालतं. कोथिंबीर काहींकडे चालते, काहींकडे नाही, आणि यावरून एकाच घराण्याच्या दोन शाखांमध्ये अबोला झालेला मी पाहिला आहे. धण्याच्या फोलपटाबद्दल मात्र परंपरा गप्प आहे. आमच्या आईचं मत घेतलं, तिनं काकूंच्या आईचं गाव विचारलं, मग दोघींनी मिळून ठरवलं की फुंकर मारून टाकली तर चालेल. त्या फुंकरा मारायचं काम माझ्याकडे आलं.

तुळशीचं आणखी वेगळं. कोथिंबिरीच्या बाबतीत फक्त बायकोची परवानगी लागते, तुळशीला पंचांगाची. मंजिरी तपकिरी झाली की ती खुडून तळहातावर चोळायची, की राईहूनही बारीक बी हाती येतं. काम दोन मिनिटांचं आहे. पण मला सुटी रविवारी, आणि आमच्याकडे रविवारी तुळशीला हात लावायचा नाही. एकादशीला नाही, द्वादशीला नाही, दिवेलागणीनंतर तर नाहीच, आणि ऑफिसातून मी येतो तेव्हा दिवे लागलेले असतात. यातून मार्ग म्हणून मी एका मंगळवारी हाफ डे टाकला. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, "घरगुती धार्मिक." घरी पोचलो तोवर मंजिरीनं वाट बघणं सोडून स्वतःच काम उरकलं होतं. दोन आठवड्यांत मिरचीच्या कुंडीत तुळस, कोरफडीत तुळस, गच्चीच्या पन्हळीत तुळस. आणि उगवलेली तुळस उपटायची नाही. आता आमच्याकडे कुणीही आलं, अगदी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूससुद्धा, तरी रोप घेतल्याशिवाय परत जाऊ शकत नाही.

तरी तिसऱ्या मजल्यावरच्या नानांपेक्षा मी बरा. नानांकडे "ओव्याचं झाड" आहे. जाड, लवदार पानांचं, ज्याची भजी करतात ते. नाना त्याला ओवा लागण्याची वाट बघत आहेत. हा पानओवा, तो तुळशी-पुदिन्याच्या कुळातला, फोडणीतला ओवा धण्या-जिऱ्याच्या कुळातला, दोघांचा संबंध फक्त वासापुरता, पानओव्याची फांदी खोचायची असते, त्याच्या बियांच्या नादी कुणी लागत नाही, हे मी त्यांना जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा एका अंत्यदर्शनाला सांगून झालं.

"तुम्हाला धीर नाही," नाना म्हणाले. "नारळाला किती वर्षं लागतात?"

बी हातात आलं म्हणजे काम संपलं असं बाहेरच्यांना वाटतं. खरी कटकट पुढे असते, साठवणीत. हॅरिंग्टन नावाच्या बीजशास्त्रज्ञाचा एक आडाखा आहे. जिथे बी ठेवायचं तिथलं फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रतेची टक्केवारी, दोन्हींची बेरीज शंभराच्या आत असावी. मी जुलैत ठाण्याची बेरीज केली. तापमान ८६, आर्द्रता ८५, एकूण १७१. म्हणजे बियांनी ठाणे सोडावं, असा या आडाख्याचा सरळ अर्थ निघतो. एसी लावून बघितला तरी बेरीज शंभराच्या खाली येईना. सबंध रात्र एसी चालू ठेवायचं कारण मी "धणे" असं सांगितलं, तेव्हा माझ्या मुलानं ऑनलाइन डॉक्टरांची यादी उघडली.

आई म्हणाली, "राख घाल."

आईचं बरोबर होतं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बी राखेत कालवून मडक्यात ठेवत आलेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी मातीच्या घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आईकडे त्यांचा पेपरात आलेला फोटो आहे, आणि मी मोजे, टेबलफॅन, एसी वगैरे विषय काढला की ती तो फोटो काढते. बोलत काही नाही. प्रश्न राखेचा होता. पाइपच्या गॅसला राख नसते. इस्त्रीवाल्यानं कोळसा सोडून वीज धरलेली. शेवटी आमच्या देवघरातली उदबत्तीची राख मी चैत्रापासून साठवली. पुरेना, तेव्हा काकूंचं देवघर, नानांचं देवघर, कोपऱ्यावरच्या साईमंदिराचे पुजारी, असं करत डबीभर झाली. त्या वर्षीच्या धण्यांना मोगरा, केवडा आणि थोडा चंदन असा वास आहे.

मग स्वालबार्डबद्दल वाचनात आलं. नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ डोंगराच्या पोटात २००८ साली जगातल्या पिकांच्या बियांची तिजोरी सुरू झाली, आणि तिथे उणे १८ अंश तापमान राखतात. उणे १८ वाचून मी उठलोच. आपल्या फ्रीजरलाही तेवढंच ठेवतात! म्हणजे जे नॉर्वेच्या सरकारनं डोंगर पोखरून केलं, ते आमच्याकडे मटारांच्या पिशवीमागे आयतं होतं. फरक किरकोळ आहेत. स्वालबार्डमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू आइस्क्रीम ठेवायला येत नाहीत. तिथे वीज गेल्यावर "उघडू नका रे" असं ओरडत कुणी धावत नाही. आणि गार डबी बाहेर काढून लगेच उघडली तर आतल्या बियांना दव धरतं, म्हणून ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची असते, हे तिथल्या लोकांना जमत असावं. मला डबी दिसली की उघडून बघावीशी वाटते. आत धणेच असतात. तरी बघावंसं वाटतं.

इतकी काळजी घेतल्यावर कढीपत्ता आडवा येतो. त्याच्या बियांना वाळवलेलं सोसत नाही, त्या ताज्या ताज्याच मातीत जाव्या लागतात, नाहीतर मरतात. मी त्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद बाटलीत घालून, तारीख लिहून, कपाटात ठेवल्या होत्या. बुलबुलानं ती काळी फळं खाल्ली आणि एसीच्या बाहेरच्या डब्यामागे जे काही केलं त्यातून हातभर रोप आलंय. बुलबुलानं हॅरिंग्टन वाचलेला नाही.

आता डब्यांविषयी. बी ठेवायला घरात रिकामी डबी कधीच नसते, कारण रिकामी डबी दिसली की तिच्यात काहीतरी घालून ठेवणं हा आपला राष्ट्रीय धर्म आहे. मी मुलाच्या लग्नातली उरलेली पत्रिकांची पाकिटं घेतली. गणपती छापलेली, सोनेरी कडेची, गठ्ठाच्या गठ्ठा. सुरुवातीला प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात नाव, कुंडी, महिना. पुढे नुसतं नाव. मग "धणे (जुने?)", "बहुतेक शेपू", आणि एकावर फक्त "आईला विचारणे". ही झाडंही चेष्टा करायला बसल्यागत एकाच कुळात जन्मली आहेत. धणे सोडले तर बडीशेप, शेपू, जिरं, शहाजिरं, ओवा, सगळ्यांचं बी चष्म्याशिवाय एक आणि चष्म्यासकट दोन-तीन.

त्यातल्या शेपूच्या बिया मी एकदा स्टीलच्या वाटीत काढून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या होत्या. रविवार होता, बायकोच्या मावससासूबाई जेवायला होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी वाटीतून चिमूट उचलली, चावली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बाळंतशेपा! घरात बाळंतशेपा आणि मला कुणी बोललं नाही?"

त्यांनी आधी माझ्या बायकोकडे बघितलं, वयाचा अंदाज घेतला, मग नजर सूनबाईवर स्थिर केली. सूनबाईला ठसका लागला. तो लाजण्याचा पुरावा म्हणून धरला गेला. संध्याकाळपर्यंत नागपूरहून व्याह्यांचा फोन. "आम्हाला बाहेरून कळावं का हो?" मी त्यांना बी धरणे, वाळवणे, साठवणे हे सगळं मुळापासून समजावून सांगायला लागलो, आणि फोन स्पीकरवर असल्यानं घरातल्या सर्वांनी ते ऐकलं. "बी धरलंय" हे वाक्य त्या संदर्भात मी उच्चारायला नको होतं, असं मुलाचं म्हणणं आहे.

"पण तुम्ही हे सगळं पेरणार कधी?" एक दिवस सूनबाईनं सरळ विचारलं. या घरात नवी असल्यानं तिला असले प्रश्न पडतात.

मी तिला समजावलं. उन्हाळ्यात पेरून उपयोग नाही, कोथिंबीर तग धरत नाही. पावसाळ्यात ती कुजते. राहिली थंडी. पण थंडीत कुंड्या मोकळ्या नसतात.

"कुंड्यांत काय असतं?"

"बियांसाठी ठेवलेली झाडं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि माझे वडील सारखेच. ते स्क्रू जमवतात."

या संक्रांतीला बायकोनं न विचारता माझं कपाट उघडलं. हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं, हा प्रश्न दरवर्षी असतो. प्लास्टिकच्या डब्या झाल्या, चहाच्या गाळण्या झाल्या, मोबाइल ठेवायच्या पिशव्या झाल्या. या वेळी तिनं प्रत्येक बाईच्या हातात तिळगुळाबरोबर गणपतीचं एकेक पाकीट ठेवलं. "घरचं बी आहे हं," असं ती मोठ्या अभिमानानं सांगत होती, आणि मी आतल्या खोलीत बसून ते ऐकत होतो. बायकांनी फार कौतुक केलं. पर्यावरणाचा उल्लेख झाला. एकीनं फोटो काढला. जाताना कुणीही ते विसरून गेलं नाही, पण पाकीट उघडूनही कुणी बघितलं नाही, कारण ब्लाउज पीस जसा घडी न मोडता पुढच्या घरी जातो, तसा त्या पाकिटांचा प्रवास आमच्या दारातच सुरू झाला होता.

परवा नाना वर आले. बेल वाजवण्याची पद्धतच वेगळी होती, लांब. दारातच त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं.

"हा घ्या ओवा. अस्सल. माझ्या मेहुणीला तिच्या भिशीतल्या बाईनं दिला, तिला कुणीतरी इंदूरहून पाठवलेला. आता सांगा, ओव्याला बी येत नाही म्हणून!"

पाकिटावर सोनेरी कड होती. गणपती होता. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात "बहुतेक शेपू" असं लिहिलेलं होतं आणि त्यावर कुणीतरी काट मारून "ओवा, इंदूर" केलं होतं.

"पेरलात का नाना थोडा?" मी विचारलं.

"पेरू कसा? एवढंच तर आहे," नाना म्हणाले. "आणि यातला निम्मा मला परत द्यायचाय. डबी आहे का एखादी?"